गरज पडायच्या आधी: नोकरीत माणसं जोडण्याची आणि शिकत राहण्याची पद्धत

एका मंगळवारी दुपारी चार वाजता आमचा विभाग बंद होत असल्याचं पत्र हातात पडलं. खरेदी विभागात मी नऊ वर्षं काढली होती. पुरवठादार, वाहतूकदार, तपासणीवाले, इतर शाखांमधली माणसं, रोजचे पन्नासेक मेल. पत्र वाचून फोन हातात घेतला आणि आता कुणाला विचारावं याचा विचार करू लागले, तेव्हा तीन नावं सुचली. त्यातले दोघं माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांच्याही हातात तेच पत्र होतं.

संध्याकाळी सहा वाजता ऑफिसचा मेल बंद झाला. नऊ वर्षांतल्या ओळखी त्या मेलबॉक्समध्येच राहिल्या.

पुढची नोकरी मिळायला सात महिने लागले. कामात मी कच्ची नव्हते. पण माझं काम ठाऊक असलेली माणसं एका खोलीत मावतील एवढीच होती आणि ती खोलीच रिकामी झाली होती. त्याला आता अकरा वर्षं झाली. या काळात चुकतमाकत एक पद्धत बसत गेली, ती इथे क्रमाने मांडते. नुकतेच कामाला लागला असाल तर उत्तमच. दहा वर्षं झाली असतील तरी बिघडलं नाही; मी सुरुवात केली तेव्हा पस्तिशी उलटली होती.

'नेटवर्किंग' या शब्दाची मलाही चीड होती. पुढे पुढे करणारे, वशिला लावणारे लोक डोळ्यांपुढे यायचे. पण वशिल्यात काम न बघता नाव पुढे केलं जातं. मी सांगतेय ते ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांच्या लक्षात राहण्याबद्दल, आणि त्यांचं काम तुमच्या लक्षात राहण्याबद्दल.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही किंवा स्प्रेडशीट. वेगळं अ‍ॅप घेऊ नका. अ‍ॅप शिकण्यातच उत्साह संपतो, हा स्वानुभव.
- स्वतःचा, साध्या नावाचा मेल आयडी. ऑफिसचा नव्हे.
- ताजा रेझ्युमे. दर सहा महिन्यांनी उघडून दोन ओळी बदलायच्या.
- लिंक्डइनवर किंवा तुमच्या क्षेत्रात चालतं त्या ठिकाणी एक नीट प्रोफाइल.
- नेमणूकपत्रं, अनुभव प्रमाणपत्रं, पगारवाढीची पत्रं आणि अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये. शोधायची वेळ येते ती नेमकी घाईतच.
- आठवड्यातली ठरलेली पंधरा मिनिटं. माझी शुक्रवारी, घरी निघायच्या आधीची.

१. आधी कोण कोण आहे ते कागदावर मांडा

एक तास काढा. शाळा-कॉलेज, पहिली नोकरी, प्रशिक्षणाची तुकडी, सोडून गेलेले सहकारी, दुसऱ्या कंपनीतला तो माणूस ज्याच्याशी तुम्ही वर्षभर फोनवर भांडलात आणि शेवटी ज्याने काम वेळेत करून दिलं, अशी सगळी नावं लिहा. चार रकाने पुरतात: नाव, ओळख कुठली, सध्या काय करतात, शेवटचं बोलणं कधी झालं. पन्नास-साठ नावं सहज निघतात. माझी त्र्याहत्तर निघाली आणि सात महिन्यांपूर्वी मला फक्त तीनच का आठवली होती, याचं उत्तर तिथेच मिळालं. अडचणीत माणूस फक्त जवळच्यांचाच विचार करतो.

आणि नोकरीची बातमी बहुतेक वेळा जवळच्यांकडून येतच नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटणाऱ्यांकडून कळली असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलेले २७.८ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते तुम्हालाही ठाऊक असतं. लांबचा माणूस वेगळ्या लोकांत वावरतो, त्याच्या कानावर वेगळ्या गोष्टी पडतात.

लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त सभासदांवरचे प्रयोग २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले, त्यांनी यात थोडी दुरुस्ती केली. अगदीच नावापुरत्या ओळखींपेक्षा मधल्या ओळखी नोकरी बदलताना जास्त उपयोगी पडल्या. म्हणजे पाच हजार अनोळखी 'कनेक्शन' गोळा करून फारसं हाती लागत नाही. तुमच्या वहीतली ती पन्नास-साठ नावंच खरं भांडवल.

सापळा: यादी ऑफिसच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर ठेवू नका. माझं काय झालं ते वर वाचलंतच. मात्र उलट टोकही नको. कंपनीची ग्राहकयादी, दरपत्रकं, अंतर्गत कागद स्वतःच्या मेलवर पाठवणं हा करारभंग असतो आणि त्यात नोकरी जाते. माणसाची ओळख तुमची, कंपनीची माहिती कंपनीची.

२. दोन ओळींत स्वतःबद्दल सांगता येऊ द्या

'मी अमुक कंपनीत सीनिअर एक्झिक्युटिव्ह आहे' हे ऐकून समोरच्याला काहीच कळत नाही. मी अनेक वर्षं असंच सांगायचे आणि पुढे शांतता पसरायची. आता सांगते, 'मी खरेदीत आहे. माल वेळेवर न आल्यामुळे कारखान्यातलं काम थांबू नये, हे मी बघते. सध्या एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या वस्तूंना दुसरा पर्याय शोधतेय.' एवढ्यावर समोरचा काहीतरी विचारतोच. तुमचं काम, त्याने कुणाचं काय सोपं होतं आणि सध्या डोक्यात काय चाललंय, एवढं लिहून काढा आणि चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. पाठ केल्यासारखं वाटलं तर शब्द बदला.

३. नव्या जागी पहिले तीन महिने वाया घालवू नका

नवा माणूस काहीही विचारू शकतो. ही सवलत साधारण तीन महिने टिकते. त्यानंतर तोच प्रश्न विचारला की 'अजून हेही माहीत नाही?' असा चेहरा दिसतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांच्याशी काम पडणार त्यांची यादी साहेबांकडून मागून घ्या आणि प्रत्येकाकडे वीस मिनिटं मागा. तीन प्रश्न पुरतात. तुमच्याकडे काम कसं येतं? आमच्या विभागामुळे तुम्हाला त्रास कुठे होतो? माझ्या जागी तुम्ही असतात तर आधी काय समजून घेतलं असतं?

मधला प्रश्न सोन्याचा आहे. एका नव्या ठिकाणी लेखा विभागातल्या ताईंनी मला सांगितलं, की खरेदीवाले ऑर्डर क्रमांक बिलावर घालायला पुरवठादाराला सांगतच नाहीत, म्हणून प्रत्येक बिल आम्ही हाताने शोधत बसतो. मी पुरवठादारांना पाठवायच्या पत्रात एक ओळ वाढवली. पाच मिनिटांचं काम. पुढची चार वर्षं माझं एकही बिल त्यांच्याकडे अडकलं नाही आणि कुठला नियम कधी बदलणार हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

स्टोअर, रिसेप्शन, कम्प्युटर दुरुस्ती, सुरक्षा या लोकांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा. कारखाना किंवा ऑफिस खरोखर कसं चालतं हे त्यांना ठाऊक असतं.

४. अनोळखी माणसाला पहिला निरोप

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेक निरोप असे असतात: 'नमस्कार सर, आपलं प्रोफाइल बघून प्रभावित झाले. आपल्याशी जोडलं जायला आवडेल. काही संधी असल्यास कळवावे.' या तिन्ही वाक्यांत समोरच्या माणसाबद्दल काहीही नाही. हाच निरोप शंभर जणांना गेलाय हे त्यालाही कळतं.

मी पाठवलेला आणि उत्तर आलेला एक निरोप असा होता:

'नमस्कार. मी खरेदी विभागात काम करते. गेल्या महिन्यातल्या परिसंवादात तुम्ही म्हणालात, की दुसरा पुरवठादार तयार करायला तुम्हाला दीड वर्ष लागलं. आम्ही सध्या तिथेच अडकलोय. नमुने पास होतात, पण पहिली मोठी ऑर्डर बिघडते. एकच प्रश्न आहे: नमुना आणि मोठी ऑर्डर यांच्यामध्ये तुम्ही एखादी पायरी ठेवली होती का? दोन ओळींत उत्तर दिलंत तरी पुरे. वेळ नसेल तर काही हरकत नाही.'

यात मी कोण, तुम्हालाच का विचारतेय, मी स्वतः कुठपर्यंत पोचलेय, एकच प्रश्न आणि नाही म्हणायची मोकळीक, एवढं आहे. नोकरीचा उल्लेख नाही. पहिल्याच निरोपात नोकरी मागितली की समोरच्याला 'आमच्याकडे जागा नाही' एवढंच म्हणता येतं आणि बोलणं तिथेच संपतं.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा. दुसऱ्यांदाही काही आलं नाही तर सोडून द्या आणि मनाला लावून घेऊ नका. लोक कामात असतात, विसरतात. आपण मात्र नकाराची भीती वाजवीपेक्षा जास्त धरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लिन आणि लेक या संशोधकांच्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून आणायला सांगितलं होतं. किती जणांना विचारावं लागेल असा त्यांचा जो अंदाज होता, त्याच्या जवळपास निम्म्याच लोकांना प्रत्यक्षात विचारावं लागलं.

उत्तर आलं, तर खरं काम आता सुरू होतं. सांगितलेलं करून बघा आणि महिन्याभराने कळवा: 'तुम्ही म्हणालात तशी मधली छोटी ऑर्डर ठेवली, त्यात दोष आधीच सापडला.' हे करणारा माणूस दहातला एखादाच. सल्ला देणाऱ्याला आपल्या शब्दाचं पुढे काय झालं हे कधीच कळत नसतं, म्हणून कळवणारा लक्षात राहतो.

सापळा: सकाळच्या शुभेच्छा, सुविचार आणि फॉरवर्ड पाठवून 'संपर्कात राहणं'. लोक तुम्हाला म्यूट करतात आणि मग तुमचा खरा निरोपही वाचला जात नाही.

५. आधी द्या, पण झेपेल तेवढंच

नवख्याला वाटतं, आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? बरंच असतं. एखाद्या बैठकीचे नीट मुद्दे काढून सगळ्यांना पाठवणं, ज्याला उपयोग आहे त्याला एखादा लेख नेमक्या पानासकट पाठवणं, कुणाच्या कामाबद्दल त्याच्या साहेबांसमोर एक चांगलं खरं वाक्य बोलणं. यातलं काहीही पाच मिनिटांच्या वर जात नाही.

दोन माणसांची ओळख करून देणं ही सगळ्यात मोठी मदत आणि तितकीच नाजूक. आधी दोघांना वेगवेगळं विचारा. दोघांचा होकार आला की एकच मेल लिहा: हा कोण, ती कोण, दोघांनी का बोलावं. मग बाजूला व्हा. मी एकदा न विचारता एका वरिष्ठांचा नंबर एका मित्राला दिला. त्याने रविवारी सकाळी फोन केला. वरिष्ठ मला काहीच बोलले नाहीत, पण पुढचं वर्षभर त्यांनी माझा फोन दुसऱ्या-तिसऱ्या वेळेशिवाय उचलला नाही.

मदत मागितल्यानेही नातं जुळतं, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचे कारकून होते, तेव्हा एका नव्या सभासदाने त्यांच्या नेमणुकीला विरोध केला. त्याची मनधरणी करण्याऐवजी फ्रँकलिननी त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक थोड्या दिवसांसाठी मागितलं आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. पुढे तो माणूस मरेपर्यंत त्यांचा मित्र राहिला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुस्तक वेळेवर परत केलं, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

आणि 'नाही' म्हणायला शिका. प्रत्येकाला हो म्हणत गेलात तर दोन वर्षांत तुम्ही सगळ्यांची कामं उशिरा करणारा माणूस म्हणून ओळखले जाल.

६. शुक्रवारची पंधरा मिनिटं

वही उघडायची, दोन नावं निवडायची, दोन निरोप पाठवायचे. बस. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला शंभरच्या आसपास. यादीतल्या प्रत्येकाशी वर्षातून एक-दोनदा बोलणं होऊन जातं.

पाच वर्षांत न बोललेल्या माणसाला काय लिहायचं, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. सरळ लिहा: 'आज जुन्या फाइलीत तुझ्या हस्ताक्षरातला तपासणीचा कागद सापडला आणि आठवण आली. सध्या काय चाललंय? माझं असं असं आहे.' माफी मागत बसू नका, 'विसरलास वाटतं' असले टोमणे नकोत आणि त्याच निरोपात काम सांगू नका. जुनी ओळख नव्याने करावी लागत नाही. एकत्र काम केलेलं असतं, विश्वास शाबूत असतो. शिवाय मधल्या काळात तो माणूस वेगळ्या जगात राहून आलेला असतो.

बोलणं झाल्यावर वहीत एक ओळ टाका: 'विभाग बदलला, मार्चपासून नवी जबाबदारी.' मार्चनंतर विचारा. काही लोकांना हे हिशेबी वाटतं. मला नाही वाटत. ज्याची आठवण ठेवायची इच्छा आहे, पण स्मरणशक्तीवर भरवसा नाही, तो लिहूनच ठेवणार.

७. साहेबांशी नातं

यावर फार लिहीत नाही. प्रत्येकाचा साहेब वेगळा. दोन गोष्टी मात्र सगळीकडे चालतात. वाईट बातमी लवकर सांगा, सोबत एक उपाय घेऊन. आणि महिन्यातून एकदा अर्धा तास ठरवून घ्या, ज्यात रोजची कामं काढायची नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत तुमच्याकडून काय अपेक्षित आहे तेवढंच विचारायचं. साहेब बदलले की पहिल्या आठवड्यात हे पुन्हा विचारा. जुन्या साहेबांनी तोंडी कबूल केलेलं नव्या साहेबांना माहीत नसतं.

८. मार्गदर्शक 'मागू' नका

'तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?' हा प्रश्न ऐकून चांगली माणसंही बिचकतात. किती वेळ, किती वर्षं, कशासाठी, काहीच ठरलेलं नसतं. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा, करून बघा, कळवा, मग पुढचा प्रश्न. असं चार-पाचदा झालं की नातं आपोआप तयार होतं. नाव द्यायची गरजही पडत नाही. सगळं एकाच माणसाकडे मागू नका. हिशेब एकाकडून, वाटाघाटी दुसरीकडून, बढतीचं राजकारण तिसऱ्याकडून शिकावं. तुमच्याहून धाकट्यांकडूनही. स्प्रेडशीटमधलं निम्मंअधिक मला एका शिकाऊ मुलीने शिकवलं.

सल्ला देणारा वेगळा आणि तुम्ही नसलेल्या बैठकीत तुमच्यासाठी शब्द टाकणारा वेगळा. दुसरा मागून मिळत नाही. त्याच्यासोबत एखादं अवघड काम करावं लागतं.

९. खरं सांगणारी दोन माणसं शोधा

'माझं सादरीकरण कसं झालं?' असं विचारलं की 'छान' हेच उत्तर येतं. मी हे वर्षानुवर्षं विचारत राहिले आणि खूष राहिले. मग एका सहकाऱ्याला प्रश्न बदलून विचारला: 'पुढच्या वेळी मी एकच गोष्ट वेगळी करायची असेल तर कोणती?' तो थोडा थांबला आणि म्हणाला, 'तू लोकांची वाक्यं पूर्ण करतेस. आजच्या बैठकीत सहा वेळा. मी मोजली.'

राग आला. घरी येईपर्यंत मनात त्याच्या सहा चुका काढून झाल्या. पण पुढच्या बैठकीत मी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारायला लागले, मध्येच बोलावंसं वाटलं की एक रेघ. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात अकरा रेघा. त्यातल्या आठ वेळा गप्प बसले आणि पुरवठादाराच्या माणसाने स्वतःहून सांगितलं, की त्यांचं एक यंत्र महिनाभर बंद आहे. मी त्याचं वाक्य पूर्ण केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

तेव्हा प्रश्न नेमका विचारा, लगेच विचारा आणि उत्तर ऐकताना स्वतःचा बचाव करू नका. फक्त 'धन्यवाद, विचार करते' म्हणा. एकदा वाद घातलात की तो माणूस पुन्हा खरं सांगायच्या फंदात पडत नाही.

१०. केलेल्या कामाची नोंद

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच ओळी: काय केलं, आधी काय स्थिती होती, नंतर काय झाली, कुणाची मदत झाली, काय फसलं. शक्य तिथे आकडा घाला. 'पुरवठा सुधारला' असं लिहिण्यापेक्षा 'उशिरा येणाऱ्या ऑर्डरी महिन्याला चौदावरून पाचवर आल्या' असं लिहा. गोपनीय नावं आणि दर यात घेऊ नका. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म येतो तेव्हा लोकांना शेवटचे दोन महिनेच आठवतात, तुमच्याकडे बारा असतील. मुलाखतीतली उदाहरणंही इथूनच निघतात. 'कुणाची मदत झाली' हा रकाना आभाराच्या निरोपांसाठी. आणि 'काय फसलं' हा रकाना पुढच्या पायरीसाठी.

११. वर्षाला एकच गोष्ट शिका, पण नीट

दहा वर्षं काम करणं आणि एकच वर्ष दहा वेळा जगणं यातला फरक बाहेरून दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात सरस विद्यार्थी एकट्याने, चूक सुधारण्यावर लक्ष ठेवून केलेला सराव जास्त करत होते. नुसतं वाजवणं आणि असा सराव वेगळे. ऑफिसात आपण बहुधा नुसतं वाजवत असतो.

म्हणून नोंदीतला 'फसलं' हा रकाना वर्षाच्या शेवटी वाचा. जे तीनदा-चारदा आलंय तेच पुढच्या वर्षीचं शिक्षण. माझ्या एका वर्षी ते वाटाघाटी होतं. एक छोटा अभ्यासक्रम केला, पण फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने: प्रत्येक वाटाघाटीआधी मी आकडे लिहून जायचे आणि नंतर कुठे घसरले ते एका अनुभवी सहकाऱ्यासोबत बघायचे. पाच अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं भिंतीवर लावण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच कमी लोक करतात. वर्षअखेरीस शिकलेलं नव्या माणसाला शिकवा. कुठे कच्चं राहिलंय ते त्याच्या पहिल्या तीन प्रश्नांत कळतं.

१२. नोकरी सोडताना

शेवटच्या महिन्यात लोक अनेक वर्षांची कमाई घालवतात. कामाचं हस्तांतरण लेखी करा: काय चालू आहे, काय अडकलंय, कुणाला विचारायचं. शेवटच्या मुलाखतीत त्रुटी सांगा, माणसांवर राग काढू नका. आजचा त्रासदायक सहकारी पाच वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसलेला असू शकतो. निघण्याच्या दिवशी आधी ठरवून घ्यायच्या गोष्टी: अनुभव प्रमाणपत्र, राहिलेल्या देण्याघेण्याचा लेखी हिशेब, आणि ज्या दोन-तीन जणांनी संदर्भ द्यायचं कबूल केलंय त्यांचे वैयक्तिक नंबर. 'तुमचं नाव देऊ का?' हे प्रत्येक वेळी नव्याने विचारा. मी एकदा विचारलं नव्हतं आणि ज्यांचं नाव दिलं त्यांना फोन आला तेव्हा मी कुठल्या विभागात होते हेच त्यांना आठवेना.

निरोपाचा सामुदायिक मेल पाठवा, त्यात स्वतःचा मेल आयडी द्या. पण ज्यांच्यासोबत खरोखर काम केलं त्यांना वेगळं लिहा, एकेक प्रसंग आठवून. असे पंधरा मेल लिहायला दोन संध्याकाळी लागतात, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी मेल कधी बंद होईल ते कुणी सांगत नाही.

माझ्या वहीत आज एकशे एकोणतीस नावं आहेत. या शुक्रवारची दोन ठरलीत: एका पुरवठादाराचा निवृत्त झालेला तपासनीस आणि वाक्यं मोजणारा तो सहकारी.